नाकाचा खर्च

दर खोलीला दोनशे छत्तीस, इरफान म्हणाला,
पावतीसकट. नळी वेगळी.
पाच खोल्या. मी बोटांवर धरलं.
अकराशे ऐंशी. नळी वेगळी.

नीलम नगरच्या मागच्या बोळात
पत्र्याच्या ह्या पाच खोल्या मी उभ्या केल्या
गिरणी बंद पडल्यावर हातात जे पडलं त्यातून.
शेगडी माझी, नळी माझी, टाकी ज्याची त्याची.
भाडं बावीसशे.
पाणी, ते ज्या दिवशी येईल त्या दिवशी.

"पाचवी तर रिकामी आहे की," मी म्हणालो,
"तिचे कशाला घेतोस?"
तो बॅगेची चेन ओढत होता.
"रिकाम्या खोलीतच साठतंय बघा काका.
माणूस असला तर निदान खिडकी तरी उघडतो."

पहिल्या खोलीत मंजुळा बोद्दूल मांडीवर सूप घेऊन.
पानं कापणारी कातरी थांबली नाही,
फक्त पाय आखडून तिनं इरफानला वाट दिली.
दुसरीत नर्सिंगच्या दोन पोरी, उमरग्याच्या,
एक झोपलेली, रात्रपाळीची;
इरफान चवड्यांवर आत गेला,
नळीवरची तारीख टॉर्चनं वाचली,
माझ्याकडं बघून मान हलवली.
एकशे नव्वद.

तिसरी बसवराज हत्तरकीची,
टॉवेलच्या कारखान्यात गठ्ठे बांधणारा,
बायको, अडीच वर्षांचं पोरगं,
आणि ओट्याखाली पोराची झोळी.
इरफाननं कपात साबणाचं पाणी केलं,
रंगाच्या जुन्या ब्रशनं रेग्युलेटरच्या मानेला लावलं.
आम्ही सगळे वाकून बघत होतो.
एक फुगा आला, मोहरीएवढा.
फुटला.
परत आला.

पोरगं हसलं.

"काका, तुम्ही तर रोज दाराशी खुर्ची टाकून बसता,"
इरफान सहज बोलला, "वास नाही आला?"

"नाही," मी म्हणालो.

खरंच बोललो.
करोनाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात ताप आला, उतरला,
आणि उतरताना वास घेऊन गेला.
शेंगाचटणी जिभेला झोंबते अजून,
पण तिच्यातली शेंग कुठं गेली कळत नाही.
एकदा दूध पातेल्याला काळं धरेपर्यंत
मी शेजारी पेपर वाचत बसलो होतो.
राजमणीला माहीत आहे. बाकी कुणाला नाही.

आणि ह्याच वर्षी तीनदा, रात्री अकरा-साडेअकराला,
कुणी ना कुणी कडी वाजवली:
काका, जरा वास येतोय का बघा ओ.
मी बनियनवर गेलो, उंबऱ्यात उभा राहिलो,
छाती भरून श्वास घेतला,
घरमालकासारखा,
आणि निकाल दिला:
काही नाही. झोपा.

ते झोपले.

"गॅसला स्वतःचा वास नसतो," इरफान पाना फिरवत सांगत होता,
"मुद्दाम घालतात, आपल्याला कळावं म्हणून."
मी मागं सरून भिंतीला टेकलो.
चुना पाठीला लागला.

पाचव्या खोलीचे घासाघीस न करता दिले.
दोन नळ्या धरून पंधराशे साठ.
पाच वर्षांत वाटले तर एका खोलीला
महिन्याचे पाच रुपये वीस पैसे,
चौकातला अर्धा चहा.
हा हिशेब मी आधी का नाही केला
ते विचारू नका.

संध्याकाळी वही काढली.
मोटार दुरुस्ती. टँकर. पत्र्याचे खिळे.
खाली "गॅस तपासणी" लिहिलं, खोडलं,
"नाक" लिहिलं, पंधराशे साठ.
राजमणीनं खांद्यावरून वाचलं, काही बोलली नाही,
पण चष्मा काढून पुसला.

मग जाऊन तिसऱ्या खोलीची कडी वाजवली.
झोळी ओट्याखालून काढा, म्हणालो.
आणि वास आला तर मला उठवू नका,
आधी टाकी बंद करा, दार उघडा,
मला वास येत नाही.
बसवराजला वाटलं मी चेष्टा करतोय.
दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

पुढच्या महिन्यापासून भाडं पन्नासनं वाढेल,
तेही तिथंच सांगून टाकलं.